जात: कपारे, स्वभाव: वाईट

या शनिवारी खरं तर घरातल्या इन्व्हर्टरवर लिहायचं ठरवलं होतं. दोन परिच्छेद लिहूनही झाले होते. पण शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हिंगोलीहून भाचा आला, आणि येताना सोबत एक राक्षस घेऊन आला. इन्व्हर्टर काय, पुढच्या आठवड्यातही बंदच असणार आहे. आज राक्षस.

तर झालं असं. भाचा आणि त्याचे तीन मित्र मिळून एक गेम तयार करतायत. आधी फासे, पत्ते आणि कागदी नकाशा घेऊन खेळायचा, आणि पुढे जमलंच तर कॉम्प्युटरवर आणायचा. सात डोंगरांचं एक काल्पनिक राज्य आहे. त्यात राजे, जादूगार, व्यापारी वगैरे नेहमीची मंडळी आहेत. आणि डोंगरांच्या पोटात राहणारी एक राक्षसांची जमात आहे, तिचं नाव 'कपारे'. कडेकपारीत राहतात म्हणून कपारे. नाव मला भलतंच आवडलं. नाहीतर आपली पोरं मराठीत लिहायला बसली तरी राक्षसाचं नाव 'डार्कझॉर' ठेवतात.

मामा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा मामाने 'रिव्ह्यू' करावा अशी फर्माईश झाली. सकाळी चहा-पोहे आटोपले आणि माझ्यापुढे दोनशे पानी वही आली. कपाऱ्यांच्या पानावर असं लिहिलं होतं:

जात: कपारे.
राहण्याची जागा: गुहा, भुयारं, कपारी.
उंची: चार फूट.
डोळे: आहेत, पण दिसत नाही.
खाणं: वटवाघळं, बुरशी, अधूनमधून माणूस.
भाषा: आहे. अंधारात दगडावर दगड वाजवून बोलतात.
लेकरं: आई पाठीवर बांधून नेते.
स्वभाव: वाईट.

खरं सांगतो, पहिल्या सात ओळी वाचून मी खूश झालो. पोरानं विचार केलाय. गुहेत उजेड नाही म्हणजे झाडं नाहीत, झाडं नाहीत म्हणजे खाणं बाहेरूनच येणार. खऱ्या गुहांमध्येही तेच होतं. वटवाघळं बाहेरून पोट भरून येतात, आत विष्ठा टाकतात, तिच्यावर बुरशी आणि किडे जगतात, आणि किड्यांवर बाकीचे. डोळ्यांचंही बरोबर आहे. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये एक मासा आहे, त्याचे नदीतले भाऊबंद डोळस आहेत आणि गुहेतले पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून आंधळे झालेत. डोळा हा शरीराला महागात पडणारा अवयव आहे, उपयोग नसेल तर निसर्ग त्याचं बिल भरत नाही. दगड वाजवून बोलणं तर फारच झकास.

आणि मग आठवी ओळ. स्वभाव: वाईट.

मी विचारलं, "सगळ्यांचा?"

"हो. कपारे आहेत ना ते."

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजावणं सोपं आहे. क्लास आणि ऑब्जेक्ट. क्लासमध्ये आपण ते लिहितो जे त्या प्रकारच्या प्रत्येक वस्तूला लागू असतं. कपाऱ्यांची उंची, डोळे, खाणं हे क्लासमध्ये जाऊ द्या, माझी हरकत नाही. पण स्वभाव हा एकेका ऑब्जेक्टचा असतो, आणि तो प्रोग्रॅम चालू असताना बदलतो. भाच्याने तो क्लासमध्ये टाकला, वर कॉन्स्टंट करून ठेवला. म्हणजे कपाऱ्यांचं जे लेकरू अजून आईच्या पाठीवर आहे, ज्याने अजून एक वटवाघूळसुद्धा मारलेलं नाही, तेही 'वाईट'. कंपायलर याला एरर देणार नाही. प्रोग्रॅम मस्त चालेल. म्हणूनच हा बग जास्त वाईट.

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, गेम आहे. पोरं खेळतायत, खेळू दे की. मान्य. गेममध्ये राक्षस मारला म्हणून पोरगं बिघडतं या मताचा मी अजिबात नाही. आमची पिढी बाटलीच्या झाकणांनी लढाया करून आणि चांदोबातले वेताळ वाचून मोठी झाली, बरी निघाली (असा आमचा समज आहे). माझं म्हणणं वेगळं आहे. या वहीतला पहिला कॉलम आणि शेवटचा कॉलम यांची जोडी साधी नाही. हा तक्ता आपण याआधी खऱ्या माणसांचा भरलेला आहे.

आधी पहिला कॉलम पाहू. 'जात'. मराठीत हा एकच शब्द मांजराच्या जातीलाही चालतो, आंब्याच्या जातीलाही आणि माणसाच्या जातीलाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा जो या सगळ्या खेळांचा आजोबा आहे (१९७४ साली आला), त्यात खेळाडूच्या कुळाला पन्नासेक वर्षं 'रेस' म्हणत होते. बरीच ओरड झाल्यावर कंपनीने २०२२ मध्ये तो शब्द सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात 'स्पीशीज' आणला. त्याआधी २०२० मध्ये त्यांनी हेही कबूल केलं होतं की ऑर्क आणि जमिनीखाली राहणारे ड्राउ यांना सरसकट दुष्ट रंगवणं चुकलं. ठीक. पण आता हे मराठीत करून दाखवा बघू. 'रेस' काढून 'स्पीशीज' घाला. रोजच्या बोलण्यात काय शब्द येईल? जात काढून जात! :-) इंग्रजी पोराला निदान दोन वेगळे खण आहेत. आपल्याकडे राक्षसाची जात आणि शेजाऱ्याची जात एकाच खणात पडते. तेव्हा त्या खणात हात घालताना आपण दुप्पट जपून राहायला हवं.

गंमत म्हणजे आपले जुने गुहेतले राक्षस या बाबतीत बरेच शहाणे आहेत. आमच्या हिंगोलीहून सेनगाव, रिसोड करत गेलं की लोणार येतं. लोणारचं सरोवर तुम्हाला माहीत असेल. साधारण पावणेदोन किलोमीटर व्यासाचं गोल विवर, उल्का बेसाल्टवर आदळून झालेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फोटो फिरत होते. तिथली दंतकथा अशी की जमिनीखालच्या बिळात लोणासुर नावाचा दैत्य दडून राहायचा, बाहेर येऊन लोकांना छळायचा. शेवटी विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण म्हणजे दूरची एक टेकडी, सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, आणि त्यातला खार म्हणजे त्याचं मांस. गावात दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर आहे, नक्की बघा.

आता इंजिनियरच्या नजरेने बघा. एवढा मोठा गोल खड्डा आहे, पाणी खारट आहे, आणि उल्का हा पर्याय कोणाला माहीत नाही. अशा वेळी 'इथे खाली कोणीतरी राहत होतं आणि वरचं झाकण उडालं' हा अंदाज अगदीच टाकाऊ नाही. जमिनीतून नाही, आकाशातून काहीतरी आलं होतं, एवढीच दिशा चुकली. पण मला आवडतं ते वेगळंच. लोणासुर हा एक आहे. त्याला नाव आहे, पत्ता आहे, गुन्हा आहे आणि शिक्षा आहे. कथेच्या एका रूपात त्याच्या बहिणीच त्याचा पत्ता सांगून टाकतात. म्हणजे एकाच घरातली माणसं, पण वागणं वेगळं. ऑब्जेक्ट वेगळे. कथा तिथेच संपते. 'सगळे खारे लोक वाईट' असं कोणी त्यातून काढलेलं नाही.

दुसरं उदाहरण तर जिल्ह्यातलंच. औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून आम्ही सगळे लहानपणापासून तिथे जातो. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, पिंडीपर्यंत जायला अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं. खाली खोली एवढीशी, वाकून बसायचं. लहानपणी मला तिथे दरवेळी वाटायचं की आता अंधारातून कोणीतरी बाहेर येणार. नागेशाची कथा शिवपुराणात आहे. (ते दारुकावन नेमकं कुठलं यावर औंढा आणि द्वारका यांच्यात जुना वाद आहे, त्यात मी पडत नाही. माहेरचा माणूस आहे, माझं मत तुम्हाला माहीतच आहे.) दारुक नावाचा राक्षस आणि त्याची बायको दारुका. ते लोकांना पकडून डांबून ठेवतात, त्यांत सुप्रिय नावाचा शिवभक्त वैश्य असतो. दारुक त्याला मारायला उठतो, शिव विवरातून प्रकट होतो आणि राक्षसांचा संहार करतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. दारुका पार्वतीला शरण जाते आणि आपला वंश राखण्याची विनवणी करते. पार्वती ती मान्य करते, आणि शिवाला पटवते. म्हणजे ज्याने छळ केला त्याचा हिशोब झाला, पण वंशावर वरवंटा फिरवायला खुद्द देवीने नकार दिला. हा पुराणकाराचा डिझाइन डिसिजन आहे, आणि मला तो आमच्या वहीतल्या आठव्या ओळीपेक्षा फार सरस वाटतो.

त्याच देवळाच्या आवारात दुसरी गोष्ट सांगतात, ती आपल्या माणसांची आहे. नामदेव महाराज समोर कीर्तनाला उभे राहिले. शिंपी म्हणून त्यांना मागे जायला सांगितलं. ते मागे जाऊन गायला लागले तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. औंढ्याला नंदी आजही देवळाच्या पाठीमागे आहे, तो त्याचाच पुरावा असं लोक सांगतात. तुम्ही चमत्कार माना किंवा नका मानू. पण बघा, एकाच देवळात राक्षसिणीच्या वंशाला अभय मिळाल्याची कथा आहे आणि संताला जातीवरून मागे पाठवल्याचीही. कथेतल्या राक्षसाच्या बाबतीत आपण उदार होतो, समोरच्या माणसाच्या बाबतीत नाही.

मग ही 'सगळीच्या सगळी जमात दुष्ट' कल्पना भाच्याच्या वहीत आली कुठून? सरळ आहे, त्याने खेळलेल्या गेम्समधून, आणि त्या गेम्समध्ये ती मुख्यतः टोल्किनच्या पुस्तकांवरून. 'द हॉबिट' १९३७ चं. डोंगराच्या पोटात गॉब्लिन राहतात, क्रूर आहेत, मारले तरी कोणी हळहळत नाही. पण बिचाऱ्या टोल्किनला स्वतःला हा प्रश्न पुढे आयुष्यभर छळत होता. बोलणारा, विचार करणारा प्राणी जन्मतःच सुधारण्यापलीकडे दुष्ट कसा असेल, हे त्याच्या धर्मश्रद्धेत बसेना. त्याने पत्रांतून, टिपणांतून वेगवेगळी उत्तरं लिहून पाहिली आणि प्रश्न तसाच सोडून गेला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एक जागा आहे, दोन ऑर्क सरदार आपसांत बोलतात की हे युद्ध संपलं की कुठेतरी लांब जाऊ, जिथे डोक्यावर मोठे साहेब नसतील. ते वाचताना मला दर वेळी आमच्या कँटीनमधलं शुक्रवारचं बोलणं आठवतं. असं बोलणारा माणूस 'जातीनेच वाईट' कसा? लेखकाला शंका होती. नकला करणाऱ्यांनी शंका गाळली आणि तक्ता तेवढा उचलला.

आता येतो मुद्द्यावर. हा तक्ता माणसांचा कधी भरला गेला? त्या गोष्टीचा एक धागा थेट आमच्या हिंगोलीतून जातो.

इंग्रजांच्या काळात हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि तिथे फौजेची छावणी होती. १८३० च्या दशकात ठगांचा बंदोबस्त सुरू झाला तेव्हा हिंगोलीच्या बाजारातला एक प्रतिष्ठित व्यापारी पकडला गेला. नाव हरिसिंग. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलरने आपल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे. आपला स्वतःचाही त्याच्याशी व्यवहार होता असं टेलर सांगतो. या हरिसिंगने मुंबईहून कापड आणण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना काढला. कापड खरोखरच येत होतं, पण ते दुसऱ्या एका व्यापाऱ्याचं. हरिसिंगने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना मारलं, आपल्या परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. पुढे पकडल्यावर त्याने स्वतःच हे हसत सांगितलं, नाहीतर कधी कळलंही नसतं.

विचार करा. राक्षस गुहेत नव्हता. बाजारपेठेत गादीवर बसून कापड मोजत होता. साहेब लोक त्याला ओळखत होते.

यातून शहाणा माणूस काय शिकला असता? की कोण कसा आहे हे दिसण्यावरून आणि राहण्याच्या जागेवरून कळत नाही, प्रत्येकाची तपासणी वेगळी करावी लागते. सरकार नेमकं उलटं शिकलं. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा झाला, त्याला जन्मठेप. अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. (ठग हा खरंच एक पिढीजात पंथ होता, की वेगवेगळ्या वाटमाऱ्यांना साहेबांनी एका माळेत ओवलं, यावर इतिहासकार अजून भांडतायत.) टोळीपर्यंत तरी समजू शकतं, टोळीत माणूस आपल्या मर्जीने जातो. पण १८७१ मध्ये 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' आला आणि आख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करायची सोय झाली. युक्तिवाद काय, तर हिंदुस्थानात सुताराचा पोरगा सुतार होतो, तसा चोराचा पोरगा चोरच होणार. जमातीचं नाव यादीत गेलं की कोर्टातही त्या यादीला आव्हान देता येत नव्हतं. नावं नोंदवायची, पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवाना लागायचा. (हरिसिंगला तो मिळाला होता, बरं का.) सुरुवातीला उत्तरेत लागू झालेला हा कायदा पुढे सगळ्या ब्रिटिश मुलखात पसरला. स्वातंत्र्य मिळालं १९४७ ला आणि तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधली पाच वर्षं देश स्वतंत्र होता, हे लोक नव्हते.

जात: अमुक. स्वभाव: वाईट. सरकारी रजिस्टरमध्ये, सही-शिक्क्यासह. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं नसेल तर जरूर वाचा. १९८७ चं पुस्तक आहे, साहित्य अकादमी मिळालेलं. जमातीचं नावच शिवीसारखं असलं की पोराला शाळेत बसणंसुद्धा कसं अवघड होतं, ते कळतं.

हे सगळं मी भाच्याला इतकं लांबलचक सांगितलं नाही, घाबरू नका. त्याला मी एक घड्याळाची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो. आजवर कुठे लिहिली नव्हती.

मी पाचवीत असेन. गावाच्या कडेला मोकळ्या रानात काही भटक्या कुटुंबांची पालं पडली होती. त्यातला एक मुलगा आमच्यात खेळायला यायचा. गोट्यांमध्ये त्याचा नेम असा की आम्ही सगळे कंगाल. एकदा तो आमच्या अंगणात, मग पाणी प्यायला ओसरीवर आला. त्याच संध्याकाळी वडिलांचं एचएमटीचं घड्याळ सापडेना. कोणी तरी म्हणालं, "तो पालावरचा पोरगा आला होता ना? त्यांची जातच तशी." बस्स. एवढ्या एका वाक्यावर गल्लीतली चार माणसं पालावर गेली. मी मागे मागे गेलो होतो. त्यांनी पत्र्याच्या पेट्या उपड्या केल्या, गाठोडी सोडली, पिठाचा डबासुद्धा हात घालून पाहिला. त्या मुलाची आई एकच वाक्य परत परत म्हणत होती. तो मुलगा माझ्याकडे बघत होता. दिवसभर तो माझ्याबरोबर होता, ओसरीच्या आत त्याने पाऊल टाकलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर कोणी ऐकलं असतं का, माहीत नाही. पण मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे पालं नव्हती. फक्त चुलींचे तीन-तीन दगड.

पंधरा-वीस दिवसांनी आईने गोधड्या उन्हात घालायला काढल्या तेव्हा एका घडीतून घड्याळ पडलं. चालू होतं की बंद, ते आता आठवत नाही. वडिलांनी ते उचललं, पुसलं आणि हातात घातलं. घरात कोणी काही बोललं नाही. त्या चार माणसांनाही कोणी काही कळवलं नाही. आमच्या गल्लीच्या हिशोबात ते घड्याळ आजही चोरीला गेलेलं असेल.

माझे वडील वाईट नव्हते. ती चार माणसंही एरवी मदतीला धावणारी होती. पण डोक्यात तक्ता तयार होता, आणि तक्ता तयार असला की चौकशी करावी लागत नाही. सोय होते. 'जातच तशी' हा आळशी प्रोग्रॅमरचा शॉर्टकट आहे. प्रत्येक ऑब्जेक्ट तपासायचा कंटाळा, म्हणून क्लासमध्येच उत्तर लिहून ठेवायचं.

भाच्याने ऐकून घेतलं. थोडा वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत बसला. मग त्याने जे विचारलं तेही चूक नव्हतं.

"पण मामा, मंग गेममध्ये मारायचं कोणाला?"

बरोबर आहे. शत्रू नसेल तर गेम कसला? सगळे राक्षस समजूतदार निघाले तर फासे टाकायचे कशाला? मी कपाऱ्यांना भजनी मंडळात बसवा असं म्हणत नाही. बऱ्याच विचाराअंती आम्ही दोघांनी मिळून एक नियम केला. तुम्हीही तपासून पाहा. ज्या प्राण्याला भाषा नाही, जो नुसता भूक आणि दात आहे, त्याला खुशाल धोका म्हणून लिहा. साप आहे, पूर आहे, तसा तो. पण तुम्ही एकदा त्याला भाषा दिलीत, पाठीवर लेकरू दिलंत, की 'स्वभाव' हा कॉलम जातीच्या पानावरून काढायचा. तो एकेकाच्या पत्त्यावर लिहायचा. आणि कपारे लढायला आले तर का आले, ते लिहायचं. कोणी तरी वर खाण खोदली म्हणून वटवाघळं पळाली आणि खाली उपासमार झाली, असं काहीतरी. मग लढाई होऊ दे की जोरदार. उलट ती जास्त रंगते, कारण खेळणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं.

याने गेम मिळमिळीत होतो असं ज्यांना वाटतं, त्यांना एक प्रश्न. तुम्हाला आजवर लक्षात राहिलेला खलनायक एखाद्या जमातीचा पाचशे नंबरचा सैनिक आहे, की नाव-गाव असलेला एक कोणीतरी? लोणासुर लक्षात राहतो. त्याच्याबरोबर सैन्य असलंच तर ते कोणाला आठवतं?

भाचा काल रात्री परतला. जाण्याआधी त्याने वहीतली आठवी ओळ खोडली. खाली एक नवीन पान सुरू केलंय. गुहेच्या तोंडाशी प्रवाशांची प्रेतं सापडतात, सगळं राज्य कपाऱ्यांच्या नावाने ओरडतं, सैन्य डोंगराकडे निघतं. आणि खरा खुनी असतो पेठेतला एक कापडाचा व्यापारी. त्याच्याकडे राजाचा रीतसर परवाना आहे. खेळाडूंना ते शोधून काढायचं आहे, सैन्य गुहेत शिरायच्या आत. हरिसिंग पोराने बरोबर उचलला. (नाव बदललंय.)

बसमध्ये चढताना त्याने विचारलं, "मामा, तो गोट्यावाला पुन्हा भेटला का कधी?"

म्हटलं, नाही.

असो. इन्व्हर्टर पुढच्या शनिवारी नक्की.